जेल-कणांद्वारे तेलधारी थरांतील प्रवाहनियंत्रण

खनिज तेल धारण करणाऱ्या सच्छिद्र खडकात पाणी किंवा वायू सोडला असता तो ज्या सुलभ मार्गांनी निसटून जातो, ते मार्ग पाणी शोषून फुगणाऱ्या मऊ कणांनी अंशतः बुजवून प्रवाह तेल शिल्लक असलेल्या भागाकडे वळविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. हे कण बहुवारिकांपासून (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांपासून) तयार करतात. या पद्धतीचा विकास मुख्यत्वे १९९५ नंतर चीन, अमेरिका व फ्रान्स या देशांत झाला. तथापि ज्या अडचणीवर उपाय म्हणून ती पुढे आली, ती अडचण पाणी सोडून तेल काढण्याच्या पद्धतीइतकीच जुनी आहे.

तेलक्षेत्रातील सर्व तेल कधीच बाहेर काढता येत नाही. नैसर्गिक दाबाने वर येणारे व नंतर पाण्याच्या साहाय्याने ढकलून काढलेले तेल एकत्र धरले, तरी ते मूळ साठ्याच्या सर्वसाधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास भरते. शिवाय क्षेत्र जुने होत जाते तसतसे तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत जाते. २००० च्या सुमारास जगात दर बॅरल (सु. १५९ लिटर) तेलामागे सरासरी तीन बॅरल पाणी बाहेर येत असल्याचा अंदाज होता. हे पाणी खारट व तेलमिश्रित असल्याने ते वर खेचणे, वेगळे करणे, शुद्ध करणे व पुन्हा जमिनीत सोडणे यांसाठी मोठा खर्च येतो. हा खर्च तेलाच्या किंमतीहून अधिक झाला की, विहीर बंद करावी लागते. पुष्कळ विहिरी तेल संपल्यामुळे नव्हे, तर पाणी परवडेनासे झाल्यामुळे बंद झाल्या आहेत. प्रवाहनियंत्रणाचे महत्त्व या वस्तुस्थितीत आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांनी १८५९ मध्ये तेलाची विहीर खणली. त्यानंतरच्या दोन दशकांत त्या परिसरात हजारो विहिरी निघाल्या व त्यांपैकी अनेक लवकरच निकामी होऊन तशाच सोडून देण्यात आल्या. अशा विहिरींच्या नळ्या गंजून वरच्या थरांतील पाणी तेलधारी थरात शिरत असे. हे पाणी हानिकारक आहे असाच सर्वसाधारण समज होता. परंतु जॉन कार्ल या भूवैज्ञानिकांनी १८८० मध्ये असे मत मांडले की, थरात शिरलेले पाणी तेलाला पुढे ढकलीत असल्याने ते काही परिस्थितीत लाभदायकही ठरू शकेल. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड क्षेत्रात काही विहीरमालकांनी प्रथम गुपचूपपणे हा प्रयोग केला, कारण थरात पाणी सोडण्यास कायद्याची मनाई होती. १९२१ मध्ये ही मनाई उठली. १९२४ मध्ये याच क्षेत्रात चौरसाच्या चार कोपऱ्यांवर पाणी सोडण्याच्या विहिरी व मध्यभागी उत्पादक विहीर अशी पंचबिंदू मांडणी वापरण्यात आली. १९५० नंतर पाणी सोडून तेल काढणे ही जगभरची रूढ पद्धत झाली.

असमान प्रवाहाचा प्रश्न : सच्छिद्र पदार्थातून होणाऱ्या प्रवाहाचा नियम आंरी डार्सी या फ्रेंच अभियंत्यांनी १८५६ मध्ये दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करून शोधून काढला. प्रवाह हा दाबातील फरकाच्या व खडकाच्या पार्यतेच्या (द्रायू म्हणजे द्रव किंवा वायू आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेच्या) सम प्रमाणात आणि द्रायूच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असतो, असा त्याचा आशय आहे. पार्यतेच्या एककास डार्सी यांचेच नाव देण्यात आले असून त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिडार्सी होय.

तेलधारी थर एकजिनसी असता, तर सोडलेले पाणी सरळ आघाडी धरून पुढे सरकले असते व त्याने तेल झाडून नेले असते. प्रत्यक्षात नदी, त्रिभुज प्रदेश किंवा उथळ समुद्र यांत साचलेल्या गाळाच्या खडकांत जाड व बारीक वाळूचे पट्टे एकाआड एक असतात. चुनखडकांत तर भेगा व विद्राव्य भाग झिजून झालेल्या पोकळ्याही असतात. समजा, सारख्याच जाडीचे दोन थर एकावर एक असून त्यांची पार्यता अनुक्रमे १,००० व ५० मिलिडार्सी आहे. डार्सी नियमाप्रमाणे सोडलेल्या पाण्याच्या २१ भागांपैकी २० भाग पहिल्या थरातून जातील व दुसऱ्या थराच्या वाट्यास केवळ एक भाग येईल. पहिल्या थरातील तेल निघून गेल्यावर तेथील विरोध आणखी कमी होतो, कारण तेलाहून पाणी कमी श्यान असते. त्यामुळे पाण्याला राजमार्गच मिळतो व ते एका विहिरीतून दुसरीकडे व्यर्थ फिरत राहते; दुसऱ्या थरातील तेल मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते.

या प्रश्नाचा गणिती पाया हळूहळू घातला गेला. मॉरिस मस्कॅट यांचा सच्छिद्र माध्यमांतील प्रवाहावरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी तेलाला ढकलीत असता आघाडी कशी सरकते यासंबंधीचा बक्‌ली व लेव्हरेट यांचा सिद्धांत १९४२ मधील आहे. पार्यतेतील विषमता एका गुणांकाने व्यक्त करून तिचा उत्पादनावरील परिणाम वर्तविण्याची रीत डिक्‌स्ट्रा व पार्सन्स यांनी १९५० मध्ये दिली.

आरंभीचे उपाय : नको असलेले पाणी अडविण्यासाठी सिमेंटचा उपयोग कॅलिफोर्नियातील लोंपॉक क्षेत्रात १९०३ मध्ये करण्यात आला. सिमेंटचे कण खडकाच्या छिद्रांत शिरत नाहीत. म्हणून विहिरीची नळी व खडक यांमधील पोकळी बुजविण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही. छिद्रांत शिरू शकेल असा द्रव सोडून तो आत गेल्यावर घट्ट करावा, ही कल्पना यातून पुढे आली. विहिरीतील पाणी रोखण्यासाठी सिलिकेटाचा वापर करण्याचे एक पेटंट अमेरिकेत १९२२ मध्ये देण्यात आले. सिलिकेटाचे जेल स्वस्त असते. परंतु ते ठिसूळ असून त्याच्या घट्ट होण्याच्या वेळेवर ताबा ठेवणे कठीण जाते.

१९६४ मध्ये पाय आणि सँडिफर्ड यांनी पाण्यात अल्प प्रमाणात बहुवारिक विरघळवून त्याची श्यानता वाढविण्याच्या पद्धतीविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. यासाठी अंशतः जलीय विच्छेदन (पाण्याच्या विक्रियेने रेणूत बदल) झालेले पॉलिॲक्रिलामाइड हे बहुवारिक सर्वाधिक वापरात आले. दाट झालेले पाणी तेलाला अधिक समान आघाडीने ढकलते. तथापि भेगा व अतिपार्य पट्टे असतील, तर केवळ दाटपणा पुरा पडत नाही. तेव्हा बहुवारिकाच्या लांब रेणूंना धातूच्या आयनांनी (विद्युत् भारित अणूंनी) आडवे जोडून त्यांचे जाळे तयार करण्याचे प्रयत्न झाले. १९७० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियम सायट्रेट व क्रोमियमाची संयुगे यांचा यासाठी उपयोग होऊ लागला. १९८० नंतरच्या दशकात मॅराथॉन ऑइल कंपनीतील रॉबर्ट सिडान्स्क यांनी त्रिसंयुजी क्रोमियमाच्या कार्‌बॉक्सिलेटांचा वापर करून टिकाऊ जेल बनविण्याची पद्धत विकसित केली व तिचा, विशेषतः भेगाळ थरांत, बराच प्रसार झाला.

या सर्व पद्धतींत जेल जमिनीखाली तयार होते व त्यातूनच त्यांचे दोष उद्‌भवतात. बहुवारिक व जोडणारा पदार्थ यांच्या खडकातून जाण्याच्या गती भिन्न असल्याने ते वाटेत एकमेकांपासून वेगळे पडू शकतात. थरातील पाण्याने मिश्रण विरळ होते. तापमान, लवणता व अम्लता यांनुसार जेल बनण्यास लागणारा वेळ बदलतो. जेल लवकर बनल्यास विहिरीच्या तोंडाशीच अडथळा निर्माण होतो आणि उशिरा बनल्यास मिश्रण वाहून जाते. सर्वांत गंभीर दोष असा की, द्रवरूप मिश्रण अतिपार्य थराबरोबर अल्पपार्य थरातही शिरते आणि ज्या भागातून तेल काढावयाचे तोच भाग बंद होण्याचा धोका राहतो.

प्रथम तयार केलेले जेल-कण : जेल जमिनीवरच, नियंत्रित परिस्थितीत तयार करून मग त्याचे कण आत सोडावेत, ही कल्पना या दोषांवर उपाय म्हणून पुढे आली. तिचा रासायनिक पाया आधीच तयार होता. पॉल फ्लोरी व जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये जालरचनेचे बहुवारिक द्रवात किती फुगेल याचा सिद्धांत मांडला होता : विद्रावक जाळ्यात शिरून ते पसरवू पाहतो, तर जाळ्याची लवचिकता त्याला आवरून धरते आणि या दोहोंचा समतोल साधेल तेथे फुगणे थांबते. बहुवारिकांवरील कार्याबद्दल फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पीओरिया (इलिनॉय) येथील प्रयोगशाळेत स्टार्चापासून अतिशोषक बहुवारिके तयार करण्यात आली होती. शेतजमिनीत ओलावा टिकविणे हा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे या वर्गातील पदार्थ मुलांच्या लंगोट्यांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. तेलक्षेत्रातील जेल-कण हे याच पदार्थांचे नातलग होत.

चीनमध्ये पेट्रोलियम समन्वेषण व विकास संशोधन संस्थेत १९९६ च्या सुमारास या विषयावरील कार्य सुरू झाले. चीनची बहुसंख्य तेलक्षेत्रे गोड्या पाण्याच्या प्राचीन सरोवरांतील गाळात असून त्यांचे थर फार विषम आहेत. १९५९ मध्ये सापडलेल्या डाचिंग क्षेत्रात आरंभापासूनच पाणी सोडण्यात येत असल्याने शतकाच्या अखेरीस तेथील अनेक विहिरींतून पाणीच अधिक येऊ लागले होते. त्यामुळे नव्या उपायाची निकड तेथे इतरत्र होती त्याहून अधिक होती. प्रयोगशाळेतील अभ्यास व क्षेत्रीय चाचणी यांविषयीचा निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर चुंगयुआन, डाचिंग, शंगली इ. क्षेत्रांतील विहिरींत हे कण सोडण्यात आले व अशा विहिरींची संख्या पुढे हजारांच्या घरात गेली. या कार्यातील एक प्रमुख संशोधक बाओजुन बाय यांनी पुढे अमेरिकेतील मिसूरी विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठात हा अभ्यास चालू ठेवला. कणांच्या हालचालीविषयीचे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००७ मधील निबंध महत्त्वाचे मानले जातात. अमेरिकेत पश्चिम टेक्ससमधील केली-स्नायडर क्षेत्रात कार्बन डाय-ऑक्साइड वायू विहिरीविहिरींमधील सुलभ मार्गांनी निसटत असे. तेथेही अतिशोषक बहुवारिकाचे कण वापरून पाहण्यात आले.

असे कण बनविण्यासाठी ॲक्रिलामाइड हे एकवारिक, त्यांना आडवे जोडणारा पदार्थ व विक्रिया सुरू करणारा पदार्थ पाण्यात मिसळतात. तयार झालेले जेल कापून वाळवितात, दळतात व चाळणीने आकारमानानुसार वेगळे करतात. कोरड्या कणांचे आकारमान मिमी.च्या काही दशांशांपासून काही मिमी. पर्यंत असते. पाण्यात ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घेतात. घनफळ ६४ पट झाले, तर कणाचा व्यास चौपट होतो. पाण्याची लवणता वाढली की फुगण्याचे प्रमाण घटते, कारण लवणाचे आयन जाळ्यावरील समभारित गटांमधील प्रतिसारण (एकमेकांस दूर लोटण्याची क्रिया) झाकून टाकतात.

सूक्ष्म कण : मिमी. आकारमानाचे कण भेगा व रुंद मार्गांपुरतेच उपयोगी पडतात. भेगाविरहित वालुकाश्मात खोलवर जाण्यासाठी कण मायक्रोमीटरच्या (मिमी.च्या हजाराव्या भागाच्या) घरातील असावे लागतात. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेत गी शोव्हतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास बहुवारिक व जोडणारा पदार्थ यांची विक्रिया सतत ढवळत ठेवून, अखंड जेल न बनू देता, जवळजवळ सारख्या आकारमानाचे सूक्ष्मजेल बनविण्याची रीत विकसित केली. असे कण खडकाच्या पृष्ठावर अधिशोषित होऊन (चिकटून राहून) छिद्रांचा मार्ग अरुंद करतात.

दुसरी दिशा तापमानाने जागृत होणाऱ्या कणांची होय. १९९७ मध्ये काही मोठ्या तेल कंपन्यांनी एकत्र येऊन हे संशोधन हाती घेतले व त्यातून ‘ब्राइट वॉटर’ या नावाने ओळखले जाणारे कण तयार झाले. मायक्रोमीटरहून लहान अशा या कणांत दोन प्रकारचे आडवे बंध असतात. काही बंध कायम टिकतात, तर काही उष्णतेने हळूहळू तुटतात. सोडलेले पाणी थंड असल्याने विहिरीजवळचा खडकही थंड झालेला असतो. तेथून कण पाण्यासारखेच सहज पुढे जातात. खोलवर गरम खडकाशी संपर्क आल्यावर तुटणारे बंध तुटतात, कण फुगतात व तेथे अडथळा निर्माण होतो. या पद्धतीची पहिली क्षेत्रीय चाचणी इंडोनेशियातील मीनास क्षेत्रात २००१ मध्ये झाली. अलास्कातील मिल्न पॉइंट क्षेत्रात २००४ मध्ये केलेल्या उपचारानंतरच्या चार वर्षांत ६०,००० बॅरलहून अधिक तेल जादा मिळाल्याचे नमूद करण्यात आले. आर्जेंटिना व ब्राझील या देशांतही तिचा वापर झाला.

यांखेरीज बहुवारिकाच्या अतिविरल विद्रावात ॲल्युमिनियम सायट्रेट मिसळून कलिलीय जेल बनविण्याची पद्धत १९९० नंतर अमेरिकेत प्रचारात आली.

कणांची हालचाल : खडकातील छिद्रे चिंचोळ्या दुव्यांनी एकमेकांस जोडलेली असतात. सु. एक डार्सी पार्यतेच्या वालुकाश्मात हे दुवे साधारणतः दहा-वीस मायक्रोमीटरांच्या घरात असतात. दगडी भुकटीसारखा कठीण कण दुव्याच्या रुंदीच्या सु. एक-तृतीयांशाहून मोठा असल्यास तो इतर कणांसह कमान बांधून दुवा अडवितो, असा अनुभवसिद्ध नियम आहे. जेल-कणांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. ते मऊ असल्याने दाब पुरेसा असेल, तर आकार बदलून अरुंद दुव्यातूनही पार होतात. कधी त्यांचे तुकडे पडतात, कधी त्यांतील पाणी पिळून निघते व ते लहान होऊन पुढे जातात आणि दाब अपुरा पडला की, अडकून राहतात. दाब वाढला की पुढे सरकणे व घटला की अडणे, या गुणामुळे ते विहिरीपासून दूरवर पोहोचू शकतात. तसेच मोठे कण बारीक छिद्रांत शिरू शकत नसल्याने अल्पपार्य थर पुष्कळसा सुरक्षित राहतो. मात्र अशा थराच्या तोंडावर कणांचा लेप बसल्यास तेथे पाणी शिरणे अवघड होते. म्हणून कणांचे आकारमान व मजबुती यांची निवड काळजीपूर्वक करावी लागते.

खोलवर पोहोचण्यास महत्त्व असण्याचे कारण थरांच्या परस्परसंबंधात आहे. दोन थरांमध्ये शेलसारखा अपार्य पट्टा असेल, तर अतिपार्य थर विहिरीजवळ बुजविला तरी पुरते. असा पट्टा नसल्यास पाणी अडथळ्यापूर्वी शेजारच्या थरात शिरते व अडथळा ओलांडताच पुन्हा जुन्या मार्गावर येते. अशा वेळी विहिरीजवळ केलेला उपचार फुकट जातो. म्हणून उपचारापूर्वी मार्गण द्रव्ये (प्रवाहाचा माग दर्शविणारे पदार्थ) सोडून ती दुसऱ्या विहिरीत किती वेळाने निघतात हे पाहतात व कोणत्या खोलीवर किती पाणी शिरते याचे मापन करतात. नंतर पाण्याच्या दर लिटरमागे काही ग्रॅम या प्रमाणात कण मिसळून ते सोडतात व विहिरीतील दाबावर सतत लक्ष ठेवतात. दाब हळूहळू चढणे हे योग्य मार्ग भरत असल्याचे लक्षण मानतात. तो एकदम चढल्यास कण विहिरीच्या तोंडाशीच अडत असल्याचा संशय येतो.

मर्यादा व मतभेद : ॲक्रिलामाइडयुक्त बहुवारिके उच्च तापमानात जलीय विच्छेदन पावतात व पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे आयन पुष्कळ असल्यास आकसतात किंवा साक्याच्या रूपात खाली बसतात. ॲक्रिलामाइड हे एकवारिक तंत्रिकांना विषारी असल्याने कणांत ते शिल्लक राहू नये म्हणून दक्षता घ्यावी लागते. जुन्या जेलांत वापरलेल्या षट्‌संयुजी क्रोमियमाचा वापर त्याच्या कर्ककारकतेमुळे मागे पडला.

याहून मूलभूत मतभेद परिणामांच्या पुराव्याविषयी आहे. जमिनीखाली हजारो मीटरांवर कण प्रत्यक्षात कोठे थांबले हे पाहता येत नाही. दाब, पाण्याचे प्रमाण व तेलाचे उत्पादन यांवरून त्याचा तर्क करावा लागतो. उपचारानंतर वाढलेले तेल उपचारामुळेच वाढले, की त्याच काळात सोडलेल्या पाण्याचे प्रमाण, पंप किंवा शेजारच्या विहिरी यांत झालेल्या बदलांमुळे, हे ठरविणे सोपे नसते. न्यू मेक्सिकोतील रँडल सेराइट यांनी कलिलीय जेले खडकात खोलवर जातात या प्रतिपादनास प्रयोगांच्या आधारे आक्षेप घेतला असून उपायाची निवड करण्यापूर्वी पाण्याच्या मार्गाचे निदान करणे आवश्यक आहे, यावर भर दिला आहे. भेगांत जेल कसे पसरते व त्यातील पाणी कसे निघून जाते, यावरील त्यांचे संशोधनही मान्यता पावले आहे. उलट पक्षी, क्षेत्रीय अनुभवांची संख्या मोठी असल्याचे या पद्धतींचे पुरस्कर्ते दाखवून देतात. यशस्वी ठरलेल्या उपचारांचे वृत्तांत जितके प्रसिद्ध होतात, तितके अयशस्वी उपचारांचे होत नाहीत. त्यामुळे हा वाद केवळ आकडेवारीने मिटण्यासारखा नाही.

भारत : आसाममधील दिग्बोई येथील तेल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढण्यास प्रारंभ झाला असला, तरी पाणी सोडून तेल काढण्याचे मोठे उदाहरण मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातील बाँबे हाय (मुंबई हाय) क्षेत्रात आढळते. १९७४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्राचे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले व १९८४ पासून तेथे पाणी सोडण्यात येऊ लागले. येथील तेल मुख्यतः अनेक थरांच्या विषम चुनखडकात असल्याने पाण्याच्या असमान प्रवाहाचा प्रश्न येथेही उद्‌भवतो. शिवाय समुद्रातील फलाटावर जागा व वजन यांची मर्यादा असल्याने नको असलेले पाणी हाताळणे अधिक खर्चाचे पडते. बहुवारिकाने दाट केलेल्या पाण्याचा प्रयोग गुजरातमधील साणंद क्षेत्रात १९८५ मध्ये सुरू झाला. राजस्थानातील मंगला या २००४ मध्ये सापडलेल्या क्षेत्रातील तेल मेणयुक्त व पाण्याहून पुष्कळ श्यान असल्याने तेथे २०१५ च्या सुमारास ही पद्धत मोठ्या प्रमाणावर अमलात आली.

इतर उपयोग : फुगणाऱ्या कणांचे तत्त्व तेलक्षेत्रापुरते मर्यादित नाही. वायूच्या भूमिगत साठ्यांतील विहिरींत पाणी शिरू न देणे, भूतापीय क्षेत्रांतील भेगांतून होणारा गरम पाण्याचा असमान प्रवाह नियंत्रित करणे व जमिनीखाली साठविलेला कार्बन डाय-ऑक्साइड निसटू न देणे यांसाठीही त्यांचा अभ्यास करण्यात येत आहे. यांपैकी शेवटच्या उपयोगात अडथळा दीर्घ काळ टिकणे अपेक्षित असते. तेलक्षेत्रातील उपचारांचा आजवरचा अनुभव मात्र त्या मानाने अल्प मुदतीचा आहे. त्यामुळे कणांच्या दीर्घकालीन स्थिरतेच्या अभ्यासास महत्त्व आले आहे.